तपकिरी कोट कसा वाचावा: नाझी पक्षाच्या राजकीय गणवेशांचा संग्रह आणि हुद्द्यांच्या खुणा

महायुद्धातला जर्मन गणवेश म्हटलं की डोळ्यांसमोर सैनिकाचा करडा-हिरवा कोट येतो. पण जर्मनीतल्या साध्या कुटुंबाच्या दारात वरचेवर जो माणूस उभा राहायचा, त्याचा कोट तपकिरी होता. तो सैन्यातला नव्हता आणि पोलीसही नव्हता. तो पक्षाचा माणूस होता. हिवाळी मदतनिधीचा डबा घेऊन तोच यायचा, कुठल्या घरात कोण राहतं याची कार्डं तोच भरायचा आणि कोणाच्या खिडकीत झेंडा लागला नाही, हेही त्याच्याच नजरेत यायचं. त्याला 'ब्लॉकलायटर' म्हणत. त्याच्या हाती ४० ते ६० घरं असत.

नाझी पक्षाच्या अशा सर्व पदाधिकाऱ्यांना मिळून 'पोलिटिशे लायटर', म्हणजे राजकीय नेते, असं नाव होतं. तपकिरी कापडावरच्या सोनेरी कशिद्यामुळे लोक त्यांना पाठीमागे 'गोल्डफाझान', सोनेरी तितर, म्हणायचे. या लेखात त्यांच्याच गणवेशांबद्दल लिहितो आहे. सैन्याच्या आणि एसएसच्या, म्हणजे पक्षाच्या निमलष्करी दलाच्या, गणवेशांवर भरपूर लिहिलं गेलंय. हा विषय मात्र मागे राहिला, आणि म्हणूनच यात फसवणूकही जास्त होते. बारा-पंधरा वर्षांत मी जे शिकलो ते क्रमाने मांडतो. माझा संग्रह लहान आहे: कॉलरच्या पट्ट्यांच्या काही जोड्या, दोन टोप्या, दंडावरच्या फिती आणि एकच पूर्ण कोट. पण एका कोटावरून हुकूमशाही शेवटच्या जिन्यापर्यंत कशी पोचली ते वाचता येतं. माझ्या मते हा संग्रह करण्याचं तेवढंच एक कारण पुरेसं आहे.

आधी ओळख: हा कोट नक्की कोणाचा?

त्या काळात जर्मनीत तपकिरी कपडे घालणाऱ्या संघटना बऱ्याच होत्या. विक्रेता 'नाझी राजकीय गणवेश' असं लिहून त्यातलं काहीही पुढे करतो. त्यामुळे पैशांचा विचार करण्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट खांदे. राजकीय नेत्यांच्या कोटावर खांदेपट्ट्या नसतात. एसएच्या, म्हणजे पक्षाच्या लढाऊ दलाच्या, गणवेशावर त्या असतात. राइश कामगार सेवेच्या, म्हणजे तरुणांच्या सक्तीच्या श्रमसेवेच्या, कोटावरही असतात, शिवाय त्या सेवेच्या बाहीवर फावड्याचं चिन्ह असतं. राजकीय नेत्याचा म्हणून दाखवलेल्या कोटाच्या खांद्यावर पट्टी किंवा तिची भोकं दिसली, तर तिथेच थांबा.

दुसरी गोष्ट कॉलरच्या दोन बाजू. एसएच्या खालच्या आणि मधल्या हुद्द्यांवर एका बाजूला तुकडीचा क्रमांक आणि दुसऱ्या बाजूला हुद्दा असे. राजकीय नेत्याच्या दोन्ही पट्ट्या मात्र सारख्याच असतात. डावी-उजवी वेगळी दिसली तर तो कोट राजकीय नेत्याचा नाही, किंवा मग कोणीतरी मागाहून पट्ट्या जोडल्या आहेत.

तिसरी गोष्ट म्हणजे पूर्वेकडच्या व्याप्त प्रदेशांचं मंत्रालय. ते १९४१ मध्ये स्थापन झालं, आल्फ्रेड रोझेनबर्ग त्याचे मंत्री होते, आणि तिथल्या अधिकाऱ्यांनाही पिवळसर तपकिरी गणवेश होता. लोक त्यांनाही सोनेरी तितरच म्हणत. दोन्हींचा गोंधळ आजही होतो. रंग जवळचा असला तरी दोन्हींच्या खुणांची पद्धत वेगळी आहे, म्हणून नुसत्या कापडाच्या रंगावर विसंबू नका.

आणखी एक सापळा आहे. हिटलरच्या स्वतःच्या पक्ष-कोटाच्या कॉलरवर हुद्द्याच्या पट्ट्या नव्हत्या. याचा फायदा घेऊन काही जण पट्ट्या नसलेला कोट 'अतिवरिष्ठ नेत्याचा' म्हणून विकतात. प्रत्यक्षात पट्टी नसलेला कोट बहुतेक वेळा पट्ट्या उसवलेलाच असतो. १९४५ च्या वसंतात हजारो घरांत कात्री घेऊन हेच काम चाललं होतं.

उतरंड: चार पातळ्या, आणि त्याखालच्या दोन

पक्षाची रचना पाठ केल्याशिवाय खुणा कळत नाहीत. सर्वांत वर राइश, म्हणजे म्युनिकमधलं केंद्रीय नेतृत्व. त्याखाली गाउ, म्हणजे प्रांत. युद्धाच्या उत्तरार्धात असे ४२ गाउ होते आणि परदेशातल्या जर्मनांची संघटना ४३ वा गाउ मानली जाई. गाउखाली क्राइस, साधारण आपल्या तालुक्या-जिल्ह्यासारखा. त्याखाली ओर्ट्सग्रुप, म्हणजे गावातली किंवा शहरातल्या एका भागातली शाखा. शाखेच्या पोटात त्सेले, आणि चार ते आठ ब्लॉक मिळून एक त्सेले.

गणवेशाच्या दृष्टीने त्सेले आणि ब्लॉक यांची वेगळी पातळी नाही. ते ओर्ट्सग्रुपच्या रंगातच येतात. म्हणजे खुणांसाठी पातळ्या चारच धरायच्या.

रंग आधी, चांदण्या नंतर

नवखा संग्राहक कॉलरकडे पाहताना चांदण्या मोजू लागतो. सैन्याच्या गणवेशाची ती सवय असते. इथे उलट्या क्रमाने जायचं. आधी रंग पाहायचा, कारण रंग सांगतो की हा माणूस कुठल्या पातळीवर काम करत होता.

१९३९ पासून १९४५ पर्यंत चाललेल्या शेवटच्या पद्धतीत कॉलरच्या पट्टीच्या कापडाचे रंग असे होते. ओर्ट्सग्रुपला फिकट तपकिरी, क्राइसला गडद तपकिरी, गाउला भडक लाल आणि राइशला किरमिजी. याशिवाय गोट असतो, म्हणजे आपले शिंपी ज्याला पायपिंग म्हणतात तो. टोपीच्या कडेला आणि कॉलरच्या काठाला तो दिसतो. ओर्ट्सग्रुपचा गोट फिकट निळा, क्राइसचा पांढरा, गाउचा गडद लाल आणि राइशचा सोनेरी पिवळा.

हे दोन रंग एकमेकांचे साक्षीदार आहेत. पट्टी गडद तपकिरी असेल तर गोट पांढराच हवा. पट्टी भडक लाल आणि टोपीचा गोट फिकट निळा असेल तर टोपी एका माणसाची आणि कोट दुसऱ्याचा. असं जमवलेलं सामान विक्रीत फार असतं. प्रत्येक वेळी ती लबाडीच असते असं नाही. कधी १९४५ मध्ये कोणा सैनिकाने एकाच कपाटातून हाताला आलं ते उचललेलं असतं. पण किंमत ठरवताना ते 'एकाच माणसाचा पूर्ण संच' नव्हे, एवढं लक्षात ठेवा.

फिकट आणि गडद तपकिरी हा फरक फोटोत दिसत नाही. रंग उडतो, आणि कॅमेऱ्याच्या प्रकाशातही तो बदलतो. इथे गोटावर विसंबावं. निळ्याची आणि पांढऱ्याची गल्लत होत नाही. फक्त एक पाहा: निळा गोट उन्हाने पार विटला तर मळकट पांढरा भासतो. अशा वेळी कॉलर हळूच उलटवायची. आतल्या शिवणीत दबलेला गोट मूळ रंगाचा राहिलेला असतो.

हुद्दा: २८ नावं, पण तर्क सोपा

शेवटच्या पद्धतीत एकूण २८ हुद्दे होते. आकडा ऐकून दडपण येतं, पण बहुतेक नावं तिघा-तिघांच्या गटात आहेत. मूळ नाव, त्याला 'ओबर' जोडलं की वरचा आणि 'हाउप्ट' जोडलं की त्याहून वरचा. तळाशी हेल्फर आणि ओबरहेल्फर हे दोनच. मग आर्बाइट्सलायटर, बेराइटशाफ्ट्सलायटर, आइनझात्सलायटर, गेमाइनशाफ्ट्सलायटर, आबश्निट्सलायटर, बेराइशलायटर, डीन्स्टलायटर आणि बेफेल्सलायटर असे आठ गट, प्रत्येकी तीन हुद्द्यांचे. वर गाउलायटर आणि सर्वांत वर राइशलायटर. दोन, चोवीस आणि दोन, झाले अठ्ठावीस.

पट्टीवर खालच्या हुद्द्यांना सोनेरी फितीच्या दांड्या आणि लहान चौकोनी चांदण्या असतात. वर जाताना ओकची पानं येतात, आणखी वर गरुड आणि पर्णमाला. नेमकी जुळणी पाठ करण्याचा खटाटोप करू नका, त्यात चूक हमखास होते. त्यापेक्षा मूळ साधनाशी ताडून पाहा. पक्षाचे संघटनप्रमुख रॉबर्ट लाय यांच्या कार्यालयाने १९३६ पासून १९४३ पर्यंत पक्षाच्या संघटनेचं एक जाडजूड पुस्तक काढलं आणि त्याच्या आवृत्त्या येत राहिल्या. त्यात पट्ट्या, फिती आणि टोप्या यांचे रंगीत तक्ते आहेत. त्या तक्त्यांच्या स्कॅन केलेल्या प्रती अभ्यासकांकडे मिळतात. बाकीचा मजकूर विषारी प्रचाराचा आहे, तो पुरावा म्हणूनच वाचायचा. हाताशी १९३६ ची आणि १९४० नंतरची अशा किमान दोन आवृत्त्यांचे तक्ते ठेवा, कारण मधल्या काळात पद्धतच बदलली.

हा बदल नीट समजून घेण्यासारखा आहे. सुरुवातीच्या वर्षांत पट्टी म्हणजे पद होतं. माणूस शाखाप्रमुख असेल तर शाखाप्रमुखाची पट्टी, क्राइसच्या कार्यालयातल्या विभागाचा प्रमुख असेल तर त्या पदाची. माणसाची बदली झाली की पट्टी बदलायची. १९३९ च्या पद्धतीने हुद्दा आणि पद यांची फारकत केली. कॉलरवर माणसाचा हुद्दा, आणि सध्याचं पद दंडावरच्या फितीवर. म्हणून एकाच हुद्द्याची पट्टी वेगवेगळ्या पातळ्यांच्या रंगांत सापडते. आबश्निट्सलायटर क्राइसमध्ये असू शकतो, गाउमध्ये असू शकतो, राइशमध्येही. चांदण्या सारख्याच, कापड वेगळं. नवख्यांना हे सगळ्यात जास्त चकवतं, आणि 'रंग आधी' म्हणण्याचं कारणही हेच.

जुनी पट्टी नव्या फितीबरोबर दिसली तर लगेच नक्कल ठरवू नका. नोव्हेंबर १९३९ पासून जर्मनीत कपड्यांचं रेशनिंग सुरू झालं होतं. लोक जुनाच कोट वापरत राहिले आणि खुणा हळूहळू बदलत गेले. त्या काळातल्या फोटोंत असं मिश्रण दिसतं.

दंडावरची फीत

फीत डाव्या दंडावर असते: लाल कापड, पांढरं वर्तुळ आणि त्यात कोनावर उभं केलेलं काळं स्वस्तिक. साध्या सदस्याची फीत एवढीच. १९३९ नंतर पदाधिकाऱ्यांच्या फितींवर सोनेरी पट्ट्या आल्या, वरच्या पदांवर ओकच्या पानांची नक्षी आली आणि कडेला पातळीच्या रंगाचा गोट. ब्लॉक, त्सेले, शाखा, क्राइस आणि गाउ यांच्या प्रमुखांची एक मालिका, कार्यालयांतल्या पदाधिकाऱ्यांची दुसरी.

फितीत बनावट फार. चांगल्या लोकरी फितीत वर्तुळ वेगळं कापून शिवलेलं असतं आणि स्वस्तिकाच्या काळ्या पट्ट्याही वेगळ्या शिवलेल्या असतात. छापील सुती फितीही त्या काळी होत्या, पण पदाच्या फितीसाठी मी छापील काही घेणार नाही.

अस्सल की नक्कल

यावर थोडा वेळ घालवायला हवा, कारण पैसे इथेच बुडतात.

पहिला आधार आरझेडएम. ही पक्षाची साहित्य-नियंत्रण संस्था, मुख्यालय म्युनिकला. पक्षाच्या वस्तू कोणी बनवायच्या आणि कोणत्या दर्जाच्या, ते ही संस्था ठरवे आणि परवानाधारक कारखान्याला संकेतांक देई. बिल्ल्यांवर 'एम१' ने सुरू होणारा आकडा असतो, कमरपट्ट्याच्या बकलांवर 'एम४' चा, आणि सुऱ्या-कट्यारींवर 'एम७' चा. कापडी वस्तूंना छापील कागदी चिठ्ठी शिवलेली किंवा चिकटवलेली असते. पण चिठ्ठी दिसली म्हणून निश्चिंत होऊ नका. ती छापणं सोपं आहे, आणि बाजारात कोऱ्या करकरीत चिठ्ठ्यांची रेलचेल आहे. चिठ्ठीचा कागद आणि वस्तूचं कापड सारखंच म्हातारं झालेलं दिसायला हवं. चिठ्ठीखालचं कापड आजूबाजूपेक्षा थोडं ताजं असेल तर ती बरीच वर्षं तिथे आहे.

दुसरा आधार धागा. पॉलिएस्टरचा शोध ब्रिटनमध्ये १९४१ मध्ये लागला आणि बाजारात तो युद्धानंतर आला. जर्मन गणवेशाच्या मूळ शिवणीत पॉलिएस्टरचा धागा असणं शक्य नाही. आतल्या दुमडीतून सुटलेला धाग्याचा एक तुकडा चिमट्यात धरून ज्योतीजवळ न्या. लोकर जळताना केस जळल्यासारखा वास येतो, सूत किंवा रेयॉन कागदासारखं जळतं, पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. वस्तू जळेल असं काहीही करू नका, आणि वस्तू तुमची नसेल तर मालकाला विचारल्याशिवाय एकही धागा काढू नका. मणी झाला तर दोन शक्यता उरतात: सगळीच वस्तू नवी, किंवा पट्टी मागाहून शिवलेली. दुसरी शक्यता तपासायला टाक्यांची भोकं मोजा. मूळ टाक्यांची भोकं आणि नव्या टाक्यांची भोकं एकमेकांवर नेमकी येत नाहीत.

जांभळ्या अतिनील दिव्याखाली पाहण्याची पद्धत खूप लोकप्रिय आहे. आधुनिक धागे आणि रंग त्या प्रकाशात निळसर चमकतात. पण या तपासणीवर निकाल देऊ नका. अस्सल कोटही कोणीतरी साध्या साबण-पावडरीने धुतला असेल तर चमकतो. धुतलेल्या कोटाची चमक सगळीकडे सारखी पसरलेली असते. फक्त एकच शिवण किंवा एकच पट्टी चमकत असेल तर ती संशयाची.

तिसरा आधार सावली. कोटावर वर्षानुवर्षं पट्टी असेल तर तिच्याखालचं कापड न विटलेलं, गडद राहतं. पट्टीची कड किंचित उचलून पाहता आली तर हे लगेच कळतं. सावलीचा आकार आणि पट्टीचा आकार जुळला तर पट्टी मूळची. सावली मोठी आणि पट्टी लहान असेल तर इथे आधी दुसरं काहीतरी होतं. माझी पहिली मोठी चूक याच ठिकाणी झाली. एका विक्रेत्याकडून 'गाउ पातळीचा कोट' म्हणून मी घेतला, पट्ट्या अस्सल होत्या, कापड अस्सल होतं. घरी आणल्यावर पट्टीखाली पाहिलं तेव्हा सावलीचा कोन वेगळा निघाला. साध्या शाखेच्या कोटावर भडक लाल पट्ट्या चढवून किंमत वाढवलेली होती. तेव्हापासून मी पट्टीची कड उचलू न देणाऱ्या विक्रेत्याकडून कोट घेत नाही.

चौथा आधार धातू. सुरुवातीचे गरुड आणि बटणं तांब्याच्या मिश्रधातूची, जड, सोन्याचा मुलामा दिलेली. युद्ध लांबलं तसं अ‍ॅल्युमिनियम आलं, मग जस्त. जस्त करडं पडतं आणि त्यावरचा मुलामा उडून जातो. १९३७ चा म्हणून दाखवलेल्या टोपीवर जस्ताचा गरुड असेल तर तो बदललेला आहे. हाताने केलेल्या कशिद्यात सोनेरी तारेचं काम असतं, आपल्या कलाबतूच्या जवळचं. ज्यांनी पैठणीची किंवा जुन्या शेल्याची जर पाहिली आहे, त्यांना तारेचं काळवंडणं ओळखीचं वाटेल. खरी तार कडेकडेने काळी पडते, खोटी एकसारखी पिवळी राहते.

पाचवा आधार शिंप्याची पट्टी. वरिष्ठांचे कोट मापाने शिवलेले असत. आतल्या खिशात शिंप्याचं नाव, गाव, कधी मालकाचं नाव आणि तारीख असते. शाईची धार पाहा, अस्तराला पडलेला घाम पाहा, काखेतली झीज पाहा. न घातलेला 'अस्सल' कोट असू शकतो, पण फार दुर्मीळ.

शेवटी कोटावरचे बिल्ले तारखेशी जुळवा. पक्षसेवेची पदकं १०, १५ आणि २५ वर्षांसाठी होती आणि ती एप्रिल १९३९ मध्ये सुरू झाली. पक्षाचा सोनेरी बिल्ला एक लाखाच्या आतला सदस्य क्रमांक असलेल्या जुन्या सदस्यांना मिळे, त्याच्या मागे तो क्रमांक कोरलेला असतो. असा बिल्ला शाखेतल्या हेल्फरच्या कोटावर अशक्य नाही, पण मग एवढा जुना सदस्य इतका खाली का राहिला, हा प्रश्न विचारायला हवा.

वस्तू आली कुठून?

राजकीय नेत्यांचे गणवेश मुख्यतः जर्मनीतच राहिले, कारण ते लोक बहुतेक घरीच होते. न्युरेंबर्ग २० एप्रिल १९४५ ला पडलं, म्युनिक ३० एप्रिलला, दोन्ही अमेरिकी फौजांनी घेतली. पक्षाची कार्यालयं, गोदामं आणि कपाटं त्यांच्या हाती लागली. म्हणून हे गणवेश आज अमेरिकेतून जास्त निघतात. सैनिकाने वस्तू घरी नेताना वरिष्ठाच्या सहीचा परवाना घेतलेला असे. असा कागद वस्तूबरोबर असेल तर तो जपा, आणि कागदातलं वर्णन वस्तूशी अक्षरशः ताडून पाहा. 'एक गणवेश' एवढंच लिहिलेलं असेल तर तो कागद कुठल्याही गणवेशाबरोबर फिरू शकतो.

आपल्याकडे याचा एक खरा धागा आहे. मराठा लाइट इन्फंट्रीच्या पलटणी इटलीत जर्मनांशी लढल्या. यशवंत घाडगे यांना १० जुलै १९४४ च्या लढाईसाठी आणि नामदेव जाधव यांना ९ एप्रिल १९४५ च्या सेनियो नदीवरच्या लढाईसाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, तो याच आघाडीवर. सातारा-कोल्हापूरकडच्या एखाद्या घरात पणजोबांच्या ट्रंकेत जर्मन बिल्ला किंवा टोपी निघू शकते. पण इटलीच्या आघाडीवर समोर होतं ते जर्मन सैन्य, पक्षाचे शाखाप्रमुख नव्हेत. त्यामुळे तिथून आलेली वस्तू बहुतेक सैन्याची असणार. 'इटलीतून आणलेला गाउलायटरचा कोट' अशी गोष्ट कोणी सांगितली तर आणखी दहा प्रश्न विचारा. आणि घरात खरोखर ट्रंक असेल तर वस्तू विकण्याआधी पणजोबांची गोष्ट लिहून काढा. ती वस्तूपेक्षा मोलाची आहे.

कोटात नाव सापडलं तर शोध पुढे नेता येतो. नाझी पक्षाची मध्यवर्ती सदस्यनोंद युद्धाच्या शेवटी नष्ट करण्यासाठी म्युनिकजवळच्या कागद गिरणीत पाठवली होती. गिरणीमालकाने ती लगदा न करता वाचवली. पुढे ती अमेरिकेच्या ताब्यातल्या बर्लिनच्या दस्तऐवज केंद्रात राहिली आणि १९९४ मध्ये जर्मनीच्या संघीय अभिलेखागाराकडे गेली. तिथे रीतसर अर्ज करून सदस्यत्वाची नोंद मागता येते. नाव सापडलं तर वंशजांबद्दल संयम ठेवा. नातवंडांचा यात दोष नाही, त्यांचा पत्ता शोधून फोटो पाठवू नका.

कायदा

जर्मनीत खाजगी संग्रहात अशी वस्तू ठेवणं गुन्हा नाही, पण फौजदारी संहितेच्या ८६अ कलमाखाली ही चिन्हं सार्वजनिकरीत्या दाखवणं किंवा पसरवणं गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड. शिक्षण, संशोधन आणि कला यांना सूट आहे. ऑस्ट्रियाचे नियम आणखी कडक. पुण्या-मुंबईहून बर्लिनला शिकायला किंवा नोकरीला गेलेल्यांनी हे पक्कं लक्षात ठेवावं: फीत बॅगेत घेऊन फिरणं किंवा तिचा फोटो सहज टाकणं तिथे महागात पडतं. मोठ्या ऑनलाइन बाजारांपैकी काहींनी, ईबेने तर दोन दशकांपूर्वीच, नाझी चिन्हांच्या वस्तूंवर बंदी घातली आहे. त्यामुळे खरेदी बहुतेक लिलावगृहांतून किंवा जुन्या विक्रेत्यांकडून होते.

भारतात मागवताना वापरलेल्या कपड्यांवरचे आयात-नियम आडवे येतात. आधी सीमाशुल्काचं काम करणाऱ्या एजंटाशी बोला आणि पार्सलवर खरं वर्णन लिहा. पक्षनेत्यांना दिलेली वॉल्थर पीपीके पिस्तुलंही संग्राहकांत फिरतात. त्यांच्या वाटेला जाऊ नका, शस्त्र कायद्यापुढे 'संग्रह' हे उत्तर चालत नाही.

पावसाळ्यात लोकर जपणं

युरोपात लिहिलेली जतनाची पुस्तकं आपल्या जुलैला पुरी पडत नाहीत. मुंबई-कोकणात आर्द्रता ८५-९० टक्क्यांवर जाते आणि लोकरीला बुरशी व कसर दोन्ही लागतात. आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास ठेवण्याचा प्रयत्न करा. कपाटात आर्द्रतामापक आणि सिलिका जेल, खोलीत शक्य असेल तर डिह्युमिडिफायर.

कोट हँगरला लटकवू नका, खांद्यावर ताण येतो. मोठ्या पेटीत आडवा ठेवा. घड्यांच्या आत आम्लरहित कागदाच्या सुरळ्या आणि वरून दोनदा धुतलेला, बिनखळीचा मांजरपाट. डांबरगोळ्या टाकू नका, त्यांचा वास कापडात मुरतो. कसर लागलीच तर कोट प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा काढून बंद करा आणि उणे २० अंशाच्या डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, तापमान खोलीइतकं होऊ द्या, नाहीतर आत दव धरतं. घरच्या फ्रीजचा बर्फाचा कप्पा एवढा थंड होत नाही.

ड्रायक्लीनिंगला देऊ नका. बटणांना ब्रासो लावू नका, एका घासण्यात मुलामा जातो. धूळ मऊ ब्रशने, जाळीचं कापड मध्ये धरून, कमी ओढीच्या व्हॅक्यूमने काढा. शिवण सुटली किंवा बुरशी खोल गेली तर स्वतः काही करण्यापेक्षा जाणकाराकडे जा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलावस्तूंच्या जतनाचं केंद्र आहे, निदान कोणाकडे जावं ते तिथे कळेल.

कोणाला दाखवायचं, आणि सोबत काय ठेवायचं

आपल्याकडे कडक मास्तरांना सहज 'हिटलर' म्हणतात. अंतर फार असल्यामुळे ते नाव हलकं झालंय. संग्राहकाला ते अंतर ठेवता येत नाही, कारण वस्तू त्याच्या टेबलावर आहे. न्युरेंबर्गच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने १९४६ मध्ये नाझी पक्षाच्या नेतृत्वमंडळाला गुन्हेगारी संघटना ठरवलं. ज्यूंचा छळ आणि वेठबिगार मजुरांची पिळवणूक यांत या मंडळाचा हात होता. गणवेश अंगावर घालून फोटो काढणं, दिवाणखान्यात मांडणं, पार्टीत दाखवणं यातलं काहीही मी करत नाही आणि करणाऱ्याला वस्तू देत नाही.

मुंबईला हे लांबचं नाही. याच तपकिरी कोटांपासून दूर जाण्यासाठी निघालेली माणसं इथे आली: कलासमीक्षक रुडी फॉन लायडन, चित्रकार वॉल्टर लँगहॅमर, कलासंग्राहक इमॅन्युएल श्लेसिंगर. पुढे प्रोग्रेसिव्ह चित्रकारांच्या पाठीशी तेच उभे राहिले. कुलाब्यापासून अलिबागपर्यंत बेने इस्राएली ज्यू शेजारी राहतात. पेटी उघडताना खोलीत कोण आहे याचं भान ठेवावं लागतं.

मी प्रत्येक वस्तूबरोबर एक कार्ड ठेवतो. वर वस्तूचं नाव, पातळी, हुद्दा, पद्धत १९३९ च्या आधीची की नंतरची. मग कुठून, कधी, कितीला घेतली आणि कोणता कागद सोबत आला. मग शंका: कुठला टाका बदललेला वाटतो, कुठली सावली जुळत नाही. शेवटचा रकाना त्या गावासाठी. कोट कुठल्या शाखेचा ते कळलं तर त्या गावातली सिनॅगॉग (ज्यूंचं प्रार्थनाघर) कधी जाळली आणि तिथल्या ज्यू कुटुंबांना कुठल्या तारखेला, कुठे पाठवलं, ते मी शोधून तिथे लिहितो. माझ्याकडच्या एकमेव पूर्ण कोटाच्या कार्डावर हा रकाना अजून अर्धाच भरला आहे. गाव कळलंय, आणि तिथल्या नगर-अभिलेखागाराला पत्र गेलंय.